बबनरावांसाठी प्रार्थना

मारेगाव,
डिसेंबर २००५

प्रिय अक्कास,

धाकट्या शांतवनचा प्रभूमध्ये सलाम. तुझे गुडघे आता कसे आहेत? इकडे मार्थाची कंबर, माझे दात आणि पोरांचा अभ्यास सोडला तर सर्व कुशल आहे. (पोरांचा अभ्यास पूर्वीही कुशल नव्हता, तेव्हा काळजी नसावी.)

पोरांना देवाच्या मागे चालायला घरातच शिकवायचं असतं, संडे स्कूलवर ढकलून भागत नाही, असं तू लिहिलंस ते पटलं. म्हणून मोटार वाइंडिंगचं दुकान बंद करून आलो की दिवेलागणीला आम्ही बायबल घेऊन बसतो. मी वाचतो, मार्था भाजी निवडत ऐकते, कृपा प्रश्न विचारते आणि योना पेंगतो. असंच एकदा वैऱ्यावर प्रीती करण्याचं वचन आलं. मी मन लावून समजावलं, तर कृपा म्हणते, "बाबा, आपला वैरी कोन हाय?" एवढं शिकवून झाल्यावर वैरीच नाही म्हणणं बरं दिसेना. त्यात शेजारच्या बबनरावांच्या नालीचं पाणी त्याच सकाळी पुन्हा आमच्या अंगणात आलेलं. माझ्या तोंडून त्यांचं नाव निघून गेलं.

पोरांनी ते फार मनावर घेतलं. रोज संध्याकाळी मधल्या भिंतीपाशी उभं राहून, डोळे मिटून, (देवाला नीट ऐकू जावं म्हणून) खड्या आवाजात दोघं आशीर्वाद मागू लागली, "आमचे वैरी बबनराव यांच्यासाठी." बबनराव कास्तकार माणूस. यंदा भाव पडला म्हणून वेचलेला सगळा कापूस त्यांनी घरातच भरून ठेवलाय. माजघर भरलं, देवघर भरलं, आणि नवराबायको ओसरीवर झोपतात. त्यांच्या बायकोकडून, शकुबाईंकडून, हे कळल्यावर कृपाने प्रार्थनेत कापसाचा भावही घातला, कुठूनतरी ऐकलेल्या आकड्यासकट.

एका संध्याकाळी बबनराव दारात उभे. मी बायबल मिटलं आणि मनातल्या मनात माझीच प्रार्थना सुरू केली.

"शांतवन," ते म्हणाले, "तू मले वैरी म्हन, माहं काही म्हननं नाही. पन पोरीले सांग, थे मांगते त्या भावात वेचाईची मजुरीबी निंघत नाही. मांगाचंच हाय तं धड मांगा न!"

कृपाने तिथल्या तिथे डोळे मिटून भाव वाढवून मागितला. बबनराव टोपी काढून, हात जोडून उभे राहिले. मार्थाने चहा दिला. जाताना उंबऱ्यात थांबून त्यांनी विचारलं, "पन वैरी काहून म्हनता राजेहो?" मी नालीचं सांगितलं. ते म्हणाले, "मले सांगाचं न एकडाव!" सकाळी फावडं घेऊन त्यांनी पाणी दुसरीकडे वळवलं.

गेल्या आठवड्यात अवेळी आभाळ भरून आलं. त्यांचं छप्पर जुन्या मातीच्या कवेलूंचं, जागोजागी गळकं. शकुबाई घरातली लुगडी कापसावर टाकत सुटल्या. आम्ही चौघांनी गाठोडी बांधून बांधून कापूस आमच्या स्लॅबच्या खोलीत आणला. काही भिजला, बराचसा वाचला. हल्ली आमचं वाचन कापसावर बसूनच होतं, आणि ते दोघंही चहाच्या वेळेला येऊन बसतात. भाव मात्र होता तिथेच आहे. देव ऐकतो तर मग भाव का वाढत नाही, असं कृपा रोज विचारते. मी रोज पानं उलटतो. मग बबनरावच तिला म्हणतात, "मांगत राह्य बाई."

तुझा,
शांतवन

ता. क. नाताळला ये. गादी नसली तरी कापूस आहे. थोडा खाजतो.

आणखी एक. बबनराव वैरी उरले नाहीत, म्हणून कृपाने दुसरा मागितला. मार्था भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमचे भाऊजी." (तुझ्या भर लग्नात माझ्या पेटीवादनाला ते जे बोलले, ते मी विसरलो असं मी समजत होतो. कृपा तेव्हा जन्मलीही नव्हती.) तेव्हापासून या घरात रोज भाऊजींसाठी आशीर्वाद मागतात. त्यांनाही घेऊन ये. मी स्टँडवर येतो.

कृपा विचारते, वैऱ्याला चहात साखर किती लागते. मला आठवत नाही. तेवढं कळव.