चंद्राच्या विटेसाठी कोरडे दगड

हिलो, मंगळवार

आदरणीय कैमाना मामांना भाच्याचा अलोहा.

होनोलुलूच्या डॉक्टरांनी तुमचा गुडघा नीट बसवला असेल, अशी इथे सर्वांना खात्री आहे. (मामी म्हणते, "गुडघा बदललाच आहे, तर स्वभावाचंही विचारा म्हणावं." मी फक्त कळवतो.) रविवारी तुमच्या नातीचा पहिला वाढदिवस. डुक्कर ठरलं आहे, दीडशे माणसांना आमंत्रण गेलं आहे, आणि ते भाजायची तापल्या दगडांची खड्ड्यातली भट्टी तुम्हीच लावणार म्हणून सगळे निर्धास्त आहेत.

माझ्या नोकरीचं विचारलं होतंत. चंद्रावर जुन्या ज्वालामुखींची राख पसरलेली आहे. तिच्यातून श्वासापुरता प्राणवायू काढायचा आणि तिच्याच विटा भाजून तिथे तळ बांधायचा, असा बेत आहे. ती राख इथे कोण आणून देणार, म्हणून आपल्या बेटाचे दगड दळून तशी बनवतात. दळणारा आणि चाळणारा मी. (चाळण्या चार, रोज धुतो.) पण तीन विटा भाजतानाच तडकल्या. चंद्रावरची राख कोरडी ठणठणीत, आणि हिलोच्या पावसात दगडाच्याही पोटात पाणी. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख ओशिरोबाई म्हणाल्या, "पोरा, चौथी तडकली की प्रयोग बंद. मग तू नि मी रस्त्यावर नारळ सोलत बसू!"

मला दोन दिवस जेवण जाईना. मग तुमचंच सांगणं आठवलं, की ज्या दगडाने आधी भरपूर आग सोसली आहे त्याच्यावरच भरवसा ठेवावा. तसे दगड एका जाणत्या माणसाकडे मिळाले: बेचाळीस, हलके, सच्छिद्र, चाळीस वर्षं भाजून निघालेले. (तो माणूस बाहेरगावी असल्याने विचारता आलं नाही.) काल त्यांच्या भुकटीची चौथी वीट निघाली. मामा, केसाएवढीही चीर नाही! मला नोकरीत कायम केलं. अहवालात दगड देणाऱ्याचं नाव मानाने छापणार आहेत.

गुडघ्याला जपा. राग आला की सूज वाढते, असं ऐकतो.

तुमचा आज्ञाधारक,
नाइनोआ

ता. क. सोबत संमतीपत्र आहे, खुणेच्या जागी सही करावी. तुमच्या नावाचं अक्षर न् अक्षर तपासलं आहे.

ता. क. २. भट्टीच्या दगडांवरची ताडपत्री हलू देऊ नकोस, असं तुम्ही जाताना बजावलं होतंत. ताडपत्री जागच्या जागी आहे.

ता. क. ३. ओशिरोबाई रविवारपुरती वीट द्यायला तयार आहेत. दीडशे माणसांच्या डुकराला एक वीट पुरते का, ते उलट टपाली कळवावे.