यशूचं खातं, दहावा वाढदिवस येण्याआधी

सोम. ३ नोव्हेंबर, शिरूर

पुरवणीचा लेख सकाळीच पाठवला, वेळेआधी. मग घरचं काम. संजूच्या यशूच्या कॉलेजसाठी पैसे कुठे ठेवायचे? भाऊ माझा, पण भाचीचं शिक्षण मी मनात माझंच धरलंय. तीन पर्याय. मुलांची विमा पॉलिसी (संजूचा मित्र बाळू विकतो ती), म्युच्युअल फंड, पोस्टातली सुकन्या समृद्धी. वाचता वाचता थबकले. सुकन्याचं खातं मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडावं लागतं. यशूचा वाढदिवस वीस तारखेला. म्हणजे ही पण डेडलाइनच.

गुरु. ६

पोस्टात गेले. आधार, पॅन, फोटो, सगळं फाइलमध्ये, ऐटीत. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही आई?" आत्या, म्हटलं. "मग नाही होणार. बारशाला नाव आत्यानं ठेवायचं, खातं आईबापानं उघडायचं." रांग हसली. मीही.

वाटेत जरा लागलं मनाला. आयकरातली वजावटही मला मिळणार नाही. असू दे. व्याजावर कर नाही, शेवटी मिळणाऱ्या रकमेवरही नाही. ते यशूच्या उपयोगाचं.

रवि. ९, दौंड

न्हावऱ्यामार्गे एसटीने. पोचले तर बाळू आधीच घरात, पॉलिसीचं रंगीत माहितीपत्रक पसरून. संजू जवळजवळ तयार. पहिल्या हप्त्याचे पैसे त्याच्या गॅरेजच्या कपाटात काढूनही ठेवलेत म्हणे.

बाळू: "वहिनी, ह्याच्यावर लोनबी निघतं. अडीनडीला."

सुनीता, संजूची बायको, चहा देता देता: "तेच नको, भावजी. अडचन दरसाल येतीया. पोरगी एकदाच अठराची व्हनार."

बाळूने चहा संपवला, माहितीपत्रक मात्र ठेवून गेला.

मी फंडाचं सांगितलं. वाढ जास्त होऊ शकते, खात्री नाही, केव्हाही काढता येतात. ‘केव्हाही’वर सुनीताने नकारार्थी मान हलवली. मग सुकन्याची अडचणही सांगितली. मुदत एकवीस वर्षांची, आता उघडलं तर पुरी होणार यशू एकतीसची होताना, मध्ये शिक्षणासाठी निम्मेच काढता येतात.

"मंग निम्मे कॉलेजला. ऱ्हायलेले एकतिसाव्या वर्षी तिच्या हातात. बिघडलं कुठं, ताई?"

मी एकतीसची असताना माझ्याकडे काय होतं? सायकल. तीही कार्यालयाची.

संजू म्हणाला, लग्नालाबी काढता येत्यात की. सु.: "लग्न विहारात लावू. तिथं कशाला पैशे लागत्यात? पैशे लागत्यात ते शाळंला." विषय संपला. कुरकुंभच्या कंपनीत आठ तास उभं राहून आलेली बाई. माझ्या तीन पानी टिपणाचं काम तिने तीन वाक्यांत केलं.

सोम. १०, शिरूर

फोन केला. म्हटलं, सगळे पैसे मी भरते. सु. ऐकेना.

"तुमी वाढदिवसाला भरा, दरसाल. म्हैन्याचं आमी. न्हाईतर पोरगी म्हनंल, आत्यानं केलं, आईबापानं काय केलं?"

इतक्या वर्षांत इतक्या मुलाखती घेतल्या. असं उत्तर क्वचित मिळालं.

खात्यावर पालक म्हणून एकाचंच नाव लागतं. ती म्हणाली, माझं लावू. मागून संजूचा आवाज: "का? माज्यावर भरवसा न्हाई व्हय?"

"तुमच्यावर हाय. तुमाला दोस्तांना न्हाई म्हनता येत न्हाई, त्येच्यावर न्हाई."

मी फोन ठेवायला हवा होता. ठेवला नाही.

तिचं चुकत नाही. आणि संजूचंही वाईट वाटतं. भर उन्हात गाडी ढकलत आलेल्या माणसाला आधी पाणी देणारा, मग पाना हातात घेणारा माझा भाऊ. त्याच्या चांगुलपणावरच बोट ठेवलं गेलं.

बुध. १२, दौंड

खातं उघडलं!

सु.ने पाळी बदलून घेतली होती. संजू आला नाही. गिऱ्हाईक आहे म्हणाला. त्यामुळे कपाटातले पैसेही आले नाहीत. सु.ने पर्समधून अडीचशे काढले. तेवढ्यातही उघडतं. तोंडावर राग नाही, घाई नाही. भाजी घ्यावी तसे दिले.

यशू शाळेच्या गणवेशात. काउंटरवरच्या दादांना थेट विचारलं, "माझी सही कधी चालणार?"

"अठरा झाल्यावर."

"तवर बदलली तर?"

"बदल की. अजून लई वेळ आहे."

घरी येईपर्यंत तळहातावर चार प्रकारच्या सह्या. इंजिन चालवायचंय म्हणते, रेल्वेचं. दौंडची पोर, दुसरं काय म्हणणार! त्यासाठी काय शिकावं लागतं, विचारून ठेवायला हवं.

शनि. १५, शिरूर

सु.चा फोन. संजू घरात कामापुरतंच बोलतोय. म्हटलं, मी समजावू का? "नका, ताई. त्यांचं ते येत्याल." नवऱ्याबद्दल तक्रारीचा शब्द नाही. मला हे जमलं नसतं.

रवि. १६

दुपारी संजू. आवाज वेगळाच.

"अक्का, बाळू आल्ता गॅरेजवर. जुनी पिकअप घेतोय. कपाटातलं दे म्हनला, पॉलिशी तर तू काढली न्हाईस."

"मग?"

"म्हनलं, पैशे पोस्टात गेले. पोरगी अठराची हुईस्तवर माजाबी हात पोचत न्हाई."

"रागावला?"

"न्हाई ना! पोस्टाला शिव्या दिल्या, चहा पिला, गेला." पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा बोलत होता. बेचाळिशीत माझ्या भावाला ‘नाही’ म्हणता आलं. मला फार बरं वाटलं.

मागून सुनीता: "आन् पोस्टात हायेत किती? अडीचशे! बाकीचं कपाटातच हाय की अजून."

मग हसू. तिचं आधी, त्याचं नंतर.

"अक्का, खातं आईच्या नावानं असलं तर बापाला भरता येतं का?"

येतं, म्हटलं.

"मंग उद्या दहाला, पोस्ट उघडलं की जातो." मग म्हणाला, "बाळूची मोटारसायकल माज्याकडं सर्व्हिसिंगला हाय. तोबी दहालाच येनार हाय न्यायला. थांबंल की जरा."