ओस्मोनचा केल्दिबेक

१८ सप्टेंबर, नारीन

पोचलो बुवा एकदाचा! डोलोनच्या घाटात टॅक्सीतल्या लोकांची तोंडं पांढरीफटक पडली होती, मी मात्र खिडकीला नाक लावून बसलो होतो. बिश्केकला दुकानात बसून लोकांच्या मोबाइलच्या काचा बदलून जीव नुसता विटला होता. आता शाळेत कॉम्प्युटरचा मास्तर! निघताना आई अंगणात उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, ओस्मोनचा पोरगा मास्तर झाला हो! बाबा असते तर लाजून घरात पळाले असते.

खोलीही झकास मिळाली. घरमालकीण बुरुलकान-आपा. खोली बघायला आधी दोघं येऊन गेले होते, त्यांना आपांनी वाटेला लावलं. मी नाव सांगितलं, केल्दिबेक, तर म्हातारीने माझा हात जो धरला तो सोडेचना. कोणाचा रे तू, म्हणाल्या. ओस्मोनचा, म्हटलं. त्यांनी ते दोनदा स्वतःशी घोकलं आणि मला चहाला बसवलं. मलईसुद्धा ताजी!

घरात त्या आणि त्यांची विधवा सून सायकाल. मुलगा दोन वर्षांपूर्वी घाटात गाडी कोसळून गेला. त्याची खोली मला दिलीय.

२४ सप्टेंबर, गुरुवार

सायकाल फारच जुन्या वळणाची आहे. नवऱ्याचं, सासरच्या थोरांचं नाव घेत नाही ते ठीक. पण त्या नावांत जो शब्द असेल तोही बाई तोंडात आणत नाही. ‘केल्दी’, म्हणजे ‘आला’, हा साधा रोजचा शब्द तिला वर्ज्य. पाव आला असं म्हणणार नाही, पाव पोचला. पाहुणाही पोचला आणि हिवाळाही पोचला! सासऱ्या-चुलतसासऱ्यांत कोणीतरी ‘केल्दी’वाला असणार. म्हणूनच मला नुसतं ‘मास्तर’ म्हणते. मी थट्टेनं म्हटलं, माझ्या नावाने तुमची पंचाईत झाली की! ती हसली नाही. डोक्यावरचा रुमाल नीट करत चुलीकडे गेली.

गुरुवार म्हणून आपांनी कढईत तेल तापवलं आणि बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले. तेलाचा वास गेलेल्यांना पोचतो, तेवढंच त्यांचं जेवण. आपा कढईपाशी बसून एकेकाचं नाव घेतात, बापाच्या नावासकट, म्हणजे वास भलत्याला जायला नको. नवऱ्याचं, जुमाबेकचं नाव खणखणीत घेतलं. मुलाच्या वेळी मात्र नुसते ओठ हलले. मी बोरसोक जॅम लावून भरपूर हाणले.

२७ सप्टेंबर

माझ्या खोलीत मुलाचा कॉम्प्युटर आहे. तो गायचा म्हणे, लग्नांत वगैरे, आणि सगळी गाणी ह्यातच भरून ठेवलीत. आपा म्हणाल्या, बाळा, तू ह्यातला मास्तर ना? त्याचा आवाज एकदा ऐकव, मग मी सुखाने मरेन. मी छातीवर हात मारून कबूल केलं.

हार्ड डिस्क पार खलास आहे. कट्-कट् वाजते, कोणी दातावर दात आपटावेत तशी. जीव जायच्या आत सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं, हुबेहूब नक्कल. जुनी काढून खणात टाकली, नवी बसवली. बटण दाबलं तर काळा पडदा! चालू व्हायला डिस्कच सापडत नाही म्हणे.

थंडी सुरू झाली. आपांनी मुलाचा मेंढीच्या कातड्याचा कोट मला दिला. अगदी मापाचा.

३ ऑक्टोबर

ह्या मशीनपुढे हात टेकले. वायर बदलली. आतल्या सेटिंगात पाहिलं तर सुरू होताना आधी कोणाला विचारायचं त्या रांगेत अजून जुनीच डिस्क पहिली. ती माझ्या खणात पडलीय, आणि हे खुळं तिचीच वाट बघतंय! नवीला पहिली केलं. तरी ढिम्म. गंमत म्हणून दोन्ही एकदम जोडून पाहिल्या, तर एकच दिसते, दुसरी गडप.

चहाच्या वेळी सायकालला समजावून सांगितलं. नकलेत जुन्या डिस्कची ओळखही जशीच्या तशी उतरते. एकाच ओळखीचे दोघं एका घरात मशीनला चालत नाहीत. ते एकाला जागं ठेवतं, दुसऱ्याला झोपवतं.

तिच्या हातातली वाटी कलंडली. मास्तर, ती म्हणाली, खोली बदला, आजच बदला. का, विचारलं. म्हणाली, आपांचे चिरंजीव... त्यांचं... आणि थांबली. तिला पुढचं सांगायचं होतं, पण शब्द जिभेवरच अडला. तेवढ्यात आपा आत आल्या.

९ ऑक्टोबर

झालं! सुरू होण्याच्या फायलीच मोडल्या होत्या. पेन ड्राइव्हवरून नव्याने लिहिल्या. मशीन गुरगुरलं, पडदा निळा झाला आणि अक्षरं उमटली: स्वागत, केल्दिबेक.

मला वाटलं, सवयीनं मीच माझं नाव टाकलं असेल. मग आपांच्या मुलाचा फोटो उघडला, खाली हेच नाव. हीच खोली, अंगावर हाच कोट. म्हणजे सायकालच्या तोंडाला कुलूप होतं ते ह्याच्यासाठी. दोन खोलीवाले परत पाठवले तेही ह्याच्यासाठी.

आपांना गाणं लावून दिलं. म्हातारी ढसाढसा रडली, मलाही भरून आलं. मग डोळे पुसून हळूच म्हणाल्या, केल्दी. मी सवयीनं ‘ओ’ दिली. पण त्या मला हाक मारत नव्हत्या. माझ्या मागच्या खुर्चीकडे बघत होत्या.

आला, म्हणत होत्या.

१३ ऑक्टोबर

शाळेच्या दाराशी पहारेकऱ्याने अडवलं. म्हणाला, कोण पाहिजे? केल्दिबेक मास्तर तर मघाशीच वर्गात गेले. मी म्हटलं, अरे बाबा, केल्दिबेक मीच! तो हसला आणि दार लावून घेतलं.

खिडकीतून पाहिलं. फळ्यापाशी कोणी होतं. पाठमोरं. कोट —

मग माझ्या अंगावर होता तो कुठला?

१५ ऑक्टोबर, गुरुवार

कोट नाही. सकाळपासून सापडत नाही. मला थंडी वाजत नाही.

आईला फोन केला. आवाज ऐकला आणि रडूच फुटलं. आई, मी, म्हटलं. ती म्हणाली, कोण बोलतंय, ऐकू येत नाही नीट. केल्दिबेक, म्हटलं. तर चिडली — मेल्यांनो, थट्टा करता का, माझ्या केल्दिबेकशी आत्ताच बोलले, आवाज बसलाय त्याचा एवढंच —

आई, तो मी नाही गं. तो मी नाही.

आज कढई चढली नाही. आपा म्हणाल्या, आता कशाला.

१७ ऑक्टोबर

डिस्क काढायची. नवी काढली की तो झोपेल, मी — साधा हिशोब आहे.

सगळ्या वायरी उपटल्या. डिस्क उपसून बाहेर फेकली, बर्फात. मशीन चालूच आहे. गाणं चालूच आहे. आणि खणातली जुनी, कशालाच न जोडलेली —

कट्-कट्. कट्-कट्.

म्हणजे जुना कोण? रांगेत पहिलं कोणाला बसवलं मी?

१९ ऑक्टोबर

टॅक्सीच्या अड्ड्यावर गेलो. ओरडलो. कोणी वळून बघेना.

चहाला तीन वाट्या मांडल्या. तिसरी त्या खुर्चीपुढे. मी उभाच.

सायकालचे डोळे सुजलेत. अंगणात एकटीच बोलत होती, भलतीकडे तोंड करून. मास्तर, असाल इथे तर ऐका, माझी चूक झाली, एकदा तरी नाव घ्यायला हवं होतं मी, एकदाच —

मी इकडे आहे, बाई! इकडे!

२१ ऑक्टोबर

खाल्लं नाही. किती दिवस ते — पाव उचलता येत नाही. पेन येतं अजून. जड झालंय.

भूक. फार भूक.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

तेल तापतंय. आज चढवली कढई, आपांनी. कोणासाठी?

वास येतोय. तौबा, काय वास — पोट भरतंय. नुसत्या वासाने भरतंय माझं —

नको. नको.

नावं घेतायत. सासूचं घेतलं. जुमाबेकचं घेतलं. थांबल्या. आता खणखणीत म्हणाल्या, केल्दिबेक —

पुढे जुमाबेकचा म्हणा. आपा, पाया पडतो, तुमच्याच मुलाचं घ्या, जुमाबेकचा म्हणा —

ओस्मोन