स्पंज कुणाचा

१२ मार्च, शुक्रवार

जिंकले! एका 'एस'साठी पाऊण तास भांडले, पण जिंकले.

गावच्या हॉलला यंदा शंभर वर्षं होतायत म्हणून समितीने पाककृतींचं नवं पुस्तक काढायचं ठरवलंय. संपादन माझ्या गळ्यात. जन्मभर या गावच्या पोरांना इंग्रजी शिकवल्याची शिक्षा, दुसरं काय! मी दोनच नियम मांडले. पहिला, या वेळी बायकांची स्वतःची नावं. जुन्या पुस्तकात प्रत्येक बाई नवऱ्याच्या नावाने उभी आहे. मी तिथे 'मिसेस सी. प्राउझ' — जणू क्लेमच अंडी फेटत होता. याला सगळ्या लगेच हो म्हणाल्या.

दुसऱ्यावर पेटलं. नावाच्या शेवटी एस असला आणि वस्तू त्या बाईची आहे असं दाखवायचं असलं, तर अपॉस्ट्रॉफी देऊन थांबायचं की पुढे आणखी एक एस लिहायचा? मी म्हटलं, लिहायचा. आपण बोलताना तो एस म्हणतो, मग कागदावर का खायचा? ऑड्री गिबिन्स आमची अध्यक्ष. ती म्हणाली, "एक एस आहे ना आधीच? दुसरा कशाला? वाचताना साप फुसफुसल्यासारखं वाटतं." जुन्या पुस्तकातही एकच होता म्हणे. मतं घेतली. एका मताने मी.

मग चहा, मग भांडी. प्रत्येकीने आपली प्लेट उलटी केली, खाली चिकटपट्टीवरचं नाव वाचलं आणि प्लेट घरी नेली. ऑड्रीने माझ्याशी न बोलता टॉवेल वाळत घातला. घालू दे.

१५ मार्च, सोमवार

जुनं पुस्तक समोर घेऊन बसले. सँडविच, सूप, लोणची झाली. केकवर आले आणि हात थांबला.

'मिसेस एच. गिबिन्स यांचा जिंजर स्पंज.'

सगळ्या गावाला हा ऑड्रीचा स्पंज म्हणून ठाऊक. सुंठेचा वास, आणि हलका इतका की सुरीलाही कळत नाही. मयतीच्या चहाला तो नसला तर माणूस नीट गेलं असं वाटत नाही. पण जुनं पुस्तक निघालं तेव्हा हॅरल्ड गिबिन्सची बायको ऑड्री नव्हती. मेव्हिस होती. तीन वर्षांनी हॅरल्डने मेव्हिसला घराबाहेर काढलं, ऑड्रीला आणलं, आणि मिसेस एच. गिबिन्स तीच राहिली. बाई बदलली, नाव नाही. घर, नवरा, ओव्हन आणि पुस्तकातली ती ओळ, सगळं आयतं! आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या याच.

साठीच्या पुढची प्रत्येक बाई हे जाणते. एकही बोलत नाही. मीही नाही. आता नवा नियम माझाच — बाईचं स्वतःचं नाव. कुणाचं?

१९ मार्च, शुक्रवार

मेव्हिसला भेटायला इस्पितळात गेले. फुप्फुसं पार गेलीत. एक वाक्य बोलली की दोन वाक्यं दम खाते. तिला पुस्तकाचं कळलेलं होतं. या गावात इस्पितळाइतकं ताज्या बातम्यांचं दुसरं ठिकाण नाही.

तिने विचारलं, "स्पंज घेतलास?"

मी म्हटलं, घेतला.

"कुणाच्या नावाने?"

मी उशी सारखी करत बसले. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "मयतीच्या फुलांवर माझं नाव येणारच आहे. ते काही मी वाचणार नाही. पुस्तकात टाक, ऊना. लवकर टाक."

घर सुटल्यापासून तिने तो स्पंज पुन्हा केला नाही. केला असता तर बायका म्हणाल्या असत्या, ऑड्रीची नक्कल करते! म्हणून इतकी वर्षं हॉलमध्ये मेव्हिसची अंड्याची सँडविचं. आम्ही त्यांचंही कौतुक करायचो. आज त्याची लाज वाटली.

२३ मार्च, मंगळवार

ऑड्रीकडे गेले. वाटलं होतं, कांगावा करेल. तिने चहा ओतला आणि म्हणाली, वाटच बघत होते तुझी.

लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तिने केक केला होता. हॅरल्डने एक घास घेतला आणि ताट सरकवून म्हणाला, असा नव्हता. कसा होता ते सांगेना. तिने महिनोन्महिने अंडी वाया घालवली, बसके स्पंज कोंबड्यांना घातले. शेवटी एक दिवस त्याने दुसरा तुकडा मागितला. तेव्हा तिला कळलं की जमला. पुस्तकातल्या ओळीत प्रमाण आहे, पण हात नाही, असं म्हणाली. तिचं म्हणणं खरं आहे. मी त्या प्रमाणाने करून बघितलाय, पुठ्ठा होतो.

मी चाचरत म्हटलं, दोघींची नावं टाकू? इंग्रजीत सोय आहे. वस्तू दोघींची मिळून एक असेल तर अपॉस्ट्रॉफी फक्त दुसऱ्या नावाला लावायचा.

"एक नवरा वाटून घेतला," ती म्हणाली. "आता आणखी काही वाटून घ्यायचं नाही."

निघताना दारापर्यंत आली. "घर त्याचं. आडनाव त्याचं. मुलगी तिची. या गावात माझं म्हणून काय आहे, सांग मला." गाडीत बसले आणि किल्ली लावायलाच विसरले.

२४ मार्च

इकडे आड, तिकडे विहीर. दिवसभर रताळी सोलली, आणि रताळी करायची नव्हतीच.

२७ मार्च, शनिवार

क्लेमला सांगितलं. क्रिकेट ऐकता ऐकता म्हणाला, स्पंज खाल्ला की संपतो, नावाचं काय घेऊन बसलीस! याच माणसाने फावड्याच्या दांड्यावर स्वतःचं नाव जाळून उमटवलंय.

बर्टचा छापखान्यातून फोन. केकची पानं सोमवारी हवीत. ईस्टरच्या आत छापून मोकळं व्हायचंय त्याला.

२९ मार्च, सोमवार

वाट सापडली. 'गिबिन्स स्पंज.' ना अपॉस्ट्रॉफी, ना दुसरा एस. आडनाव नुसतं पुढे ठेवायचं, जसं एखाद्या सफरचंदाला बागेचं नाव देतात तसं. व्याकरणात चोख. दोघीही गिबिन्सच, दोघींनाही आपलं म्हणता येईल.

पानं दिली. खूश आहे. म्हणजे असायला हवं.

२ एप्रिल, शुक्रवार

मेव्हिसला पान दाखवलं. चष्मा मीच चढवला तिच्या नाकावर. तिने ती ओळ वाचली.

"म्हणजे हॅरल्डचा की."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! दोघींचं काढून मी त्याच्या नावावर केलं होतं.

"त्या माणसाने आयुष्यात अंडं फोडलं नाही, ऊना," ती म्हणाली आणि हसायला गेली. हसू खोकल्यात गेलं, नर्स धावत आली, मला बाहेर काढलं. दारातून मी म्हटलं, बदलते. बदलते एवढंच म्हटलं. कोणतं नाव घालते, ते नाही म्हटलं.

बर्टला फोन केला. ते पान बुधवारपर्यंत थांबवायला कबूल झाला, कुरकुरत.

४ एप्रिल, रविवार

मेव्हिस पहाटे गेली.

५ एप्रिल, सोमवार

तिची मुलगी लिन पर्थहून आली. आईसारखीच हनुवटी. हॉलमध्ये मयतीचा चहा गुरुवारी. कोण काय आणणार ते ठरवायला बायका जमल्या. अंड्याची सँडविचं कुणी आणायची, इथे यादी अडली. शेवटी मी म्हटलं, मी आणते. ऑड्री आलीच नव्हती. फोनही उचलत नाही.

७ एप्रिल, बुधवार

केलं एकदाचं.

रात्रभर दोघींना मनातल्या मनात समोरासमोर बसवलं. मेव्हिस गेली. तिला आता वाचता येणार नाही, हे तीच म्हणाली होती. ऑड्री आहे. तिला रोज त्याच गावात, त्याच घरात उठायचंय, आणि त्या ओळीशिवाय तिच्याजवळ काही नाही. लिनला विचारलं असतं तर? तिला तो स्पंज आठवतही नसेल, लहान होती. मेलेल्यांपेक्षा जिवंत माणसाला जास्त दुखतं. मुलांना शिकवताना मी असलं वाक्य लाल शाईने खोडलं असतं — दिसायला गोंडस, आत पोकळ. पण आज सकाळपासून त्याच वाक्याला धरून आहे.

बर्टला फोनवर सांगितलं, 'ऑड्रीचा जिंजर स्पंज'. तो म्हणाला, मग त्यात एवढं अवघड काय होतं? संध्याकाळी छापायला घेतो म्हणाला.

सँडविचसाठी अंडी उकडली. सोलताना टरफलाबरोबर पांढरंही फाटून आलं. मेव्हिसची अंडी कधी अशी फाटायची नाहीत. मी तिला दारातून शब्द दिला होता, आणि शब्दाचा तेवढा भाग पाळलाय जेवढा मला सोपा होता.

८ एप्रिल, गुरुवार

मेव्हिसला पोचवून आलो. हॉल भरला होता. स्पंज मधोमध, नेहमीसारखा उंच, आणि सगळ्या म्हणत होत्या, ऑड्रीचा आलाय. ती एका कोपऱ्यात उभी होती. काही खाल्लं नाही.

भांडी मी धुतली. स्पंजची प्लेट उलटी केली. खाली नवी चिकटपट्टी, आणि ऑड्रीच्या मोठ्या, टोकदार अक्षरात नाव, मेव्हिसचं. अपॉस्ट्रॉफी होता. आणि पुढे माझा तो दुसरा एसही.

ऑड्री टॉवेल घेऊन शेजारी आली. "ती लिनकडे दे," म्हणाली. "पुस्तकात पण तसंच घाल."

बर्टची छपाई काल रात्रीच झाली.