वजन उचलण्याची योग्य पद्धत

४ मार्च, संध्याकाळ
बायकोचं ऑपरेशन रद्द. दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टने फोनवर कन्फर्म केलं. रद्द कुणी केलं, असं मी दोनदा विचारलं. म्हणाली, पेशंटनेच. पेशंट तेव्हा आतल्या खोलीत माझ्या आईची कूस बदलत होती.
हिचं अंग बाहेर येतं. म्हणजे ओटीपोटाचे स्नायू सैल पडून गर्भाशय खाली सरकलंय. दोन वर्षं चाललंय म्हणे. मला कळलं गेल्या महिन्यात. फॅक्टरीत एखादा नट सैल झाला तर सेफ्टी ऑफिसर म्हणून मला तासाभरात कळतं. घरातलं रिपोर्टिंग भिकार आहे.

५ मार्च
घाबरली, दुसरं काय. चूक डॉक्टरीणबाईंची. धोक्यांचा पाढाच वाचला त्यांनी. टाके सैल पडतील, लघवी अडकेल किंवा उलट गळेल, संबंधाच्या वेळी दुखेल, काही बायकांचं अंग पुन्हा खालीही येतं. मी म्हणालो, मग जाळी घाला. भिंतीला प्लॅस्टर करतानासुद्धा सांध्यावर जाळी मारतात. त्या म्हणाल्या, ती आत घासून बाहेर येऊ शकते, कायमचं दुखणं लागू शकतं, आणि ती काढणं घालण्याहून अवघड. शिवाय बायको म्हणजे भिंत नव्हे. असल्या टोमण्यांची फी वेगळी लावत असतील.
सगळे प्रश्न मीच विचारले. हिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही बरीचशी मीच दिली. तरी बाईंनी मला बाहेर बसवलं. रिस्क हा माझा विषय, आणि मी वॉटर कूलरशेजारी.

७ मार्च
हिला अर्धा तास समजावलं. जगात मॅनेज होत नाही अशी रिस्क नाही. हिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "अहो, ऑपरेशननंतर तीन महिने काही उचलायचं नाही. पुढेही जड काही नाही. नाहीतर केलेलं सगळं वाया. मग आईंना कोण उचलणार?"
मी म्हणालो, म्हणजे?
"म्हणजे आईंना कोण उचलणार?"
आई सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, परत पलंगावर. हे इतकं बिनबोभाट चालायचं की आई बरंचसं आपलं आपणच करत असावी, असा माझा समज होता.
बाई ठेवू म्हणालो. ही म्हणाली, दोघी ठेवल्या होत्या, दोघींना तुम्हीच घालवलंत. खरं आहे. एक दाराच्या मधोमध चपला काढायची. कुणीही अडखळून पडलं असतं.
शेवटी हिने अट घातली. आधी महिनाभर मी आईला उचलून दाखवायचं, मग ही तारीख घेणार. मी! ज्याने वीस वर्षं कामगारांना वजन उचलायला शिकवलं! गुडघे वाकवा, पाठ ताठ, वजन अंगाशी. स्टेजवर खोकं उचलतो तेव्हा टाळ्या पडतात.

९ मार्च, रविवार
उद्यापासून सुरुवात. संकल्प पक्का.

१० मार्च
ऑडिट निघालं. उद्या नक्की.

१४ मार्च
योग्य बूट नसताना वजन उचलणं नियमात बसत नाही. बूट मागवलेत. तोवर ही उचलतेय, तीही साध्या सपातांत. सांगून थकलो. या बाईला सेफ्टीचं काडीचं ज्ञान नाही.

१८ मार्च
मेव्हणीचा फोन. तिचं बोलणं मी एरवी मनावर घेत नाही. "भाऊजी, त्या खोक्यात भरता काय हो?" मी म्हणालो, काही नाही, डेमोच असतो तो. ती इतका वेळ हसली की मीच फोन ठेवला. शिक्षणपद्धती कळायला थोडं डोकं लागतं.

२२ मार्च, सकाळ
बूट आले. पद्धत शंभर टक्के बरोबर होती. गुडघे वाकवले, पाठ ताठ, आईला अंगाशी घेतलं. अडचण आईकडून आली. खोकं मान आवळत नाही. खोकं "अरे पाडशील, सूनबाईला बोलाव" असं कानात ओरडत नाही. अर्ध्यावर कमरेत कट्कन झालं. वर जाता येईना, खाली येता येईना. ही धावत आली. तिने आईला धरलं, मलाही धरलं आणि दोघांना एकदमच पलंगावर ठेवलं.
मग बराच वेळ बाथरूममध्ये होती. मी बाहेरून विचारलं, मलम कुठंय? नाजूक वेळी माणसाला असं एकटं सोडतात?

२५ मार्च
ही मेव्हणीबरोबर दवाखान्यात गेली. मला आत घेतलं नसतंच, आणि कमरेमुळे कूलरपर्यंतही जाता आलं नसतं. अंग आणखी खाली आलंय म्हणे. आधार म्हणून रिंग बसवून पाहिली, टिकत नाही. धोके काय, पुन्हा काय होऊ शकतं, सगळं हिने स्वतः विचारून घेतलं. जाळी नको, टाके चालतील. एका शब्दानेही माझा सल्ला घेतला नाही.

२६ मार्च
ऑपरेशन शुक्रवारी. रिसेप्शनिस्टनेच सांगितलं, तेही मी फोन केला म्हणून. ही पुढचे तीन महिने मेव्हणीकडे राहणार. मी विचारलं, आणि आई? ही म्हणाली, आईसुद्धा. तिकडे बाई ठेवलीय, चपला हव्या तिथे काढायची मोकळीक देऊन. आईला विचारलं, तुला माझ्याजवळ नाही राहायचं? ती म्हणाली, तुझी कंबर बरी होऊ दे आधी.
उद्या सकाळी नऊला गाडी येणार. दोन माणसं आईला उचलून नेतील. दार उघडं धरायचं काम माझ्याकडे आहे. दार हलकं आहे, असं हिने मुद्दाम सांगितलं.