टॅपेटना हात लावू नका

बाबा,

इंजिन उघडं आहे तसंच राहू द्या. हत्यारांच्या पेटीची किल्ली माझ्याकडे आहे, उगाच शोधत बसू नका.

काल तुम्ही आणलेला कॅमशाफ्ट बदलून आणायला दुकानात चालले आहे. तो पांढऱ्या गाडीचा आहे, बाबा. ती गाडी मी शाळेत असतानाच आपण विकली. आईला मी सांगितलंय की दुकानदारानेच चुकीचा दिला. तुम्हीही तेच सांगा.

येताना टॅपेटही नवे आणते. नव्या शाफ्टखाली जुने, झिजलेले टॅपेट बसवले तर ते शाफ्टची वाट लावतात, हे तुम्हीच माझ्या डोक्यात भरवलंत. तरी तुम्ही जुनेच धुऊन पुसून ठेवलेत. तेही अंड्यांच्या ट्रेमध्ये कसेही! प्रत्येकाची जागा ठरलेली म्हणून एक जरी इकडचा तिकडे झाला, तर तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घालायचात.

दूध तापवून ठेवलंय, गॅस पेटवू नका.

सकाळी तुम्ही मला म्हणालात, "ताई, चहा टाकलास का गं?" मी आत्यासारखा आवाज काढून "टाकते रे" म्हणाले. तुम्हाला वाटलं असेल, थट्टा करतेय. थट्टा नव्हती, दुसरं काही सुचलंच नाही.

चिठ्ठी वाचलीत की मला फोन करा. गाडीचं काही बोलायला नको. नुसतं "ठमे" म्हणा.

तुमची
ठमी