जबड्याच्या खाचेतले प्लास्टर

मी, संग्रहालयाच्या कार्यशाळेत अडतीस वर्षे हाडांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती केलेला, वय एकोणऐंशी, सातवी पास, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना हे लिहून ठेवतो. हात कापतो तो वयाने. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे.

१. राहती खोली व बँकेतली शिल्लक मुलीला. बाहेर पडताना तिने गॅस बंद आहे का ते दोनदा पाहावे.

२. पेटीतली हत्यारे दालनाच्या रंगाऱ्याला. बारीक पटाशी सोडून.

३. आता धाकट्या भावाविषयी. आईने त्याला कॉलेजात घातले, मला घमेल्यापाशी बसवले. पुढे तो हाडांचा तज्ज्ञ होऊन माझ्याच संग्रहालयात साहेब म्हणून आला. तेही गिळले. मग मगरींच्या कुळातल्या, फार पूर्वी नामशेष झालेल्या एका आखूड तोंडाच्या प्राण्याची हाडे प्रतिकृतीसाठी आमच्याकडे आली. खालच्या जबड्याची खाच लांब, तीत बसणारी कवटीची गाठ लहान. म्हणून जबडा मागेपुढे सरकत होता. दातही सुळे नव्हते, दाढांसारखे उंचवट्यांचे. मी सर्वांसमोर म्हणालो, "हा पाला चघळत असणार."

"दादा, मगरीच्या घरातला आहे तो, म्हशीच्या नव्हे!" भाऊ म्हणाला. दारावरचा शिपाईसुद्धा हसला.

मला धास्ती बसली, साचाच चुकला असणार. प्रतिकृतीची जास्तीची खाच मी प्लास्टरने बुजवली, वर जाड रंग दिला. दोन वर्षांनी भावाने मूळ हाड तपासून माझेच म्हणणे छापले. टाळ्या त्याला. शेवटी एक ओळ: 'कार्यशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार.' सख्खा भाऊ, आणि कर्मचारी!

४. दालनातल्या प्रतिकृतीचा जबडा आजही नुसता उघडतो आणि मिटतो, मागेपुढे सरकत नाही. "दादा, सांधा जाम झालाय का रे?" त्याने एकदा विचारले. "झाला असेल," मी म्हणालो. त्याचा शोध लोकांना दिसू नये, एवढ्यासाठी गप्प राहिलो. याला मत्सर म्हणतात, हे मला कळते. अजून गेलेला नाही.

५. पटाशी भावाला. खाच त्याने स्वतः उघडावी, माणूस लावू नये. रंगाखाली माझ्या अंगठ्याचा ठसा दिसेल. घाईत दाबले होते. पाला चघळण्याची गोष्ट आधी कोण बोलले, ते तिथे उभ्या असलेल्यांना सांगावे आणि मगच ठसा खरवडावा. सांगणे जड जात असेल तर पटाशी मुलीला परत द्यावी, जबडा जामच राहू द्यावा.

साक्षीदार: दालनाचा रंगारी (सही), वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका (सही).
ठिकाण: माझी खोली, खिडकीजवळचे टेबल. तारीख: ९ मार्च.

खाली सही केली आहे. अंगठा वेगळा लावत नाही. तो जबड्यात आहे.